टोयोटाला मरण नाही

गारखेड्यात जब्बारभाईंच्या गाडीला कुणी गाडी म्हणत नसे. ‘टोयोटा सांगून ठेवा’, ‘टोयोटा निघाली का’, ‘तुम्ही रिक्षानं या, म्हाताऱ्यांना टोयोटात घालू’ अशीच भाषा असे. त्याच गल्लीत आता आणखी दोन टोयोटा उभ्या राहत, नव्या, चकचकीत. पण नुसतं नाव घेतलं की डोळ्यांपुढं यायची ती जब्बारभाईंची जुनी क्वालिस. चौकोनी, पांढऱ्याची पिवळी झालेली, दार लावलं की पेटीचं झाकण पडल्यासारखा आवाज करणारी. त्या जातीची गाडी बनवणं कंपनीनं सोडून वीस वर्षं होत आली होती. जब्बारभाईंच्या गाडीला ते अजून कुणी कळवलेलं नाही, असं शेजारचे काकासाहेब म्हणायचे.

काकासाहेबांची जमीन शेंद्र्याच्या एमआयडीसीत गेली तेव्हा ते गारखेड्यात घर बांधून राहिले. तेव्हापासून त्यांच्या घरातलं एकही कार्य या गाडीवाचून झालं नव्हतं. पुतण्यांची लग्नं त्याच गाडीनं झाली, आईला शेवटचं दवाखान्यात नेलं तेही त्याच गाडीनं.

“टोयोटाला मरण नाय,” ते चारचौघांत सांगत. “चालवणारा थकंल, गाडी नाय थकायची.”

जब्बारभाईंची धाकटी लेक आफरीन हे वाक्य लहानपणापासून ऐकत आली होती. लहानपणी तिला ते ऐकून फुशारल्यासारखं व्हायचं. या वर्षी मात्र तेच वाक्य कानावर आलं की ती तिथून उठून जायची.

सुरुवात पाण्याच्या पेल्यापासून झाली. आफरीन शेंद्र्याच्या एका कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर कामाला होती. दुपारच्या पाळीला जाण्याआधी ती अब्बांना जेवायला वाढायची. एके दिवशी तिनं पेला ताटाच्या डाव्या हाताला ठेवला.

“पानी नक्को क्या देना बाप कू?” अब्बा म्हणाले.

“रखी ना मैं.”

त्यांनी मान वळवली, पेला बघितला आणि हसले. “अरे हौ. यहींच है.”

एवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम पेला तिथंच ठेवला आणि अब्बांनी पुन्हा पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी तिनं तो उजवीकडं ठेवला, तेव्हा त्यांनी न बघता उचलून तोंडाला लावला. ताटातलं लोणचं डाव्या कडेला असलं तर तसंच राहून जायचं. अम्मी, जमिलाबी, म्हणाली, आता त्यांना आंबट सोसत नसेल.

मग आफरीननं गाडीकडं नीट पाहिलं. डावा आरसा नवा होता. त्याच्या आधीचाही तिला नवाच आठवत होता. डाव्या दाराखाली रंगाचा एक लांब पट्टा बाकीच्या गाडीपेक्षा जास्त पांढरा होता, जखमेवर नवी कातडी यावी तसा. रंग दिला होता तिच्या भावानं. फरहानचं बीड बायपासला गॅरेज होतं आणि अब्बांच्या गाडीला तो दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे.

“गाडी लेफ्टला ओढतेय,” फरहाननं तिला समजावलं. “अलाइनमेंट केलं. परत ओढतेय म्हणून टायर बदलले. आता खालची बुशं बदलतो. जुनी गाडी है, होता है.”

“गाडी नहीं ओढती, भाईजान. अब्बा कू उस बाजू का नहीं दिखता.”

फरहाननं हातातला पाना खाली ठेवला आणि तिच्याकडं असं बघितलं, की जणू तिनं अब्बांवर दारूचा आळ घेतला होता.

“पागल है क्या? पिछले महिने मस्जिद के पास आंखों का कॅम्प था, मैं खुद लेके गया. पूरा तख्ता पढ़े, नीचे की बारीक लाइन तक. डॉक्टर बोला, चाचा, आप तो हवाई जहाज चला सकते.”

तेही खोटं नव्हतं. समोरचं अब्बांना लख्ख दिसत होतं. दूरची पाटी ते आफरीनच्या आधी वाचत. त्यांच्या जगाची फक्त डावी कड कुणीतरी हळूहळू दुमडत आणली होती, आणि जिथं ती दुमडली होती तिथं त्यांना काळोख दिसत नव्हता. तिथं काही आहे, हेच त्यांना कळत नव्हतं. घरी आल्यावर ते कुरकुरत, “आजकल के लोगां देखो, कहां से बी कूद के आ रए.” आफरीन विचारायची, कुठून? तर कुठून म्हणजे, एकदम. आणि एकदम येणारा प्रत्येक जण डावीकडूनच येतो हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

टोयोटावरचा त्यांचा विश्वास गारखेड्यातला नव्हता, सौदीतला होता. तरुणपणी काही वर्षं ते तिकडं ड्रायव्हर होते. वाळवंटात पाणी संपलं तर चालतं, खाली टोयोटा पाहिजे, असं तिथली मंडळी म्हणायची. रेतीच्या वादळात सगळ्या गाड्या बसल्या आणि यांची एकटी परत आली, हा किस्सा त्यांनी इतक्यांदा सांगितला होता की सवाऱ्यांना तो पाठ होता. परत येऊन साठवलेल्या पैशातून त्यांनी दुसरं काही बघितलंच नाही. लोक म्हणाले, घर बांध. त्यांनी क्वालिस घेतली.

आणि आता तर बिडकीनला टोयोटाचा मोठा कारखाना येणार, अशी बातमी गावभर झाली होती. “जब्बारभाई, तुमची सासुरवाडीच आली की जवळ,” काकासाहेब म्हणाले होते. जब्बारभाईंनी त्या दिवशी गाडी धुऊन तिला हार घातला.

त्या कंपनीची मूळ गोष्ट त्यांना सांगितली ती मात्र आफरीननं. कारखान्यात नव्या मुलींना कामावर घेताना ट्रेनिंगच्या सरांनी ती सांगितली होती. जपानातल्या एका खेड्यात सुताराचा एक मुलगा होता. आई रात्रंदिवस हातमागावर राबायची, ते बघून त्यानं नवा माग करायचं मनावर घेतलं. पुढं त्यानं असा माग बनवला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. खराब कापड एक वीतसुद्धा पुढं जायचं नाही. त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या कंपनीनं विकत घेतले, आणि पुढं त्याच्या मुलानं मोटारी काढल्या. घराण्याचं नाव होतं टोयोडा. ते बदलून टोयोटा केलं, कारण जपानी लिपीत तसं लिहिलं की आठ रेघा होतात आणि आठ हा तिकडं बरकतीचा आकडा. मोटारींच्या कारखान्यातही त्यांनी मागाचीच रीत ठेवली. कामगारांच्या डोक्यावर दोरी टांगलेली. कुणालाही काही चुकलेलं दिसलं की त्यानं ती ओढायची, सगळी लाइन थांबवायची. साध्या हेल्परनंसुद्धा.

जब्बारभाईंनी ही गोष्ट तिला दोनदा सांगायला लावली होती. त्यांचे वडील हिमरूच्या शाली विणायचे. त्या मागावर त्यांनी स्वतः लहानपणी धागे जोडले होते.

“मतलब अपनी बिरादरी की गाडी है,” शेवटी ते म्हणाले.

त्या दिवसापासून सौदीचा किस्सा मागं पडला आणि मागाची गोष्ट पुढं आली. प्रत्येक सवारीला ते ती सांगत. पण सांगताना त्यांनी ती नकळत फिरवली. त्यांच्या तोंडी तो माग कधी थांबतच नव्हता. धागा तुटला तरी आपोआप जोडला जायचा आणि माग चालूच राहायचा. “इसलिए टोयोटा कभी रुकती नहीं,” असं म्हणून ते स्टिअरिंगवर थाप मारत. आफरीननं एकदा दुरुस्त करून बघितलं. ते म्हणाले, तुझे सर चुकले असतील.

तिच्या स्वतःच्या कारखान्यातही लाइनवर तशी एक पिवळी दोरी होती. दोन वर्षांत आफरीननं ती एकदाच ओढली होती. कुणी रागावलं नाही. फक्त त्या दिवशी डबा खाताना तिच्या शेजारी कुणी बसलं नाही.

काकासाहेबांच्या मुलीचं, संस्कृतीचं, लग्न जमलं ते श्रावणाच्या तोंडावर. मुलगा पिशोरचा, घरची शेती, शिवाय पुण्यात नोकरी. सुपारी फोडायला आणि घर बघायला घरच्यांनी पिशोरला जायचं ठरलं. जायचं अर्थातच टोयोटानं. आफरीन आणि संस्कृती पहिलीपासून एका बाकावरच्या. आफरीन काकासाहेबांकडं गेली. ते ओसरीत सुपारी कातरत होते.

“काका, या खेपेला दुसरी गाडी करा.”

“का गं? बापाशी भांडलीस?”

“अब्बांना डावीकडचं दिसत नाय.”

काकासाहेबांचा अडकित्ता थांबला. क्षणभर तिला वाटलं, यांना कळलं. मग ते हसले.

“मला तर दोन्हीकडचं दिसत नाय. बायको म्हणती तिकडं बघून मान हलवतो.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “पोरी, असं बाहेर बोलू नको. ड्रायव्हर माणसाचं नाव लई नाजूक असतं. एकदा गेलं की गेलं. आन् मी म्हणतो, गाडी कोणती हाय? टोयोटा. ती घरी आणतीच.”

गाडी काय त्यांच्याऐवजी बघणार आहे का, हे शब्द आफरीनच्या ओठांवर आले होते. पण काकासाहेबांनी तिच्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं आणि ती ते घेऊन घरी आली.

तेव्हा तिनं दुसरं ठरवलं. रजा टाकली, मैत्रिणीचं सासर बघायचंय म्हणाली आणि पुढच्या सीटवर, अब्बांच्या डाव्या हाताला जाऊन बसली.

मागच्या सीटवर काकासाहेब, त्यांच्या पत्नी मंजुषाबाई आणि थोरली बहीण मनकर्णाबाई. सगळ्यात मागं फळांच्या करंड्या सांभाळत काकासाहेबांचा मुलगा ऋतुराज. मनकर्णाबाईंना भद्रा मारुतीला नारळ फोडायचा होता, म्हणून खुलताबादवरून जायचं ठरलं.

शहरातली छावणी मागं पडेपर्यंत आफरीनच्या पाठीला घाम फुटला होता. ती सहज बोलल्यासारखं बोलत होती. “अब्बा, सायकलवाला.” “अब्बा, बकऱ्या आल्या बघा किती.” “अब्बा, ती बाई रस्ता ओलांडतेय वाटतं.” ती बोलली की गाडी हलकेच उजवीकडं सरकायची. एकदा ती बोलायची राहिली, आणि एका दुचाकीवाल्याच्या कोपरावरून आरसा वाऱ्यासारखा गेला. दुचाकीवाल्यानं घातलेली शिवी काचेतूनही ऐकू आली.

“देखो, कैसे चलाते,” अब्बा म्हणाले.

मागून काकासाहेब म्हणाले, “आजकालची पोरं.”

दौलताबादला किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून रस्ता जातो. एका वेळी एकच गाडी कशीबशी जाते. अब्बांनी वेग कमी केला नाही. या दरवाजातून त्यांनी आयुष्यभर गाडी काढली होती. आफरीनला डावीकडचे काळे दगड काचेच्या दिशेनं येताना दिसले.

“सीधे हाथ कू, अब्बा. और. और थोडा.”

दगड तिच्या कानाजवळून गेले. पलीकडं उजेडात आल्यावर अब्बांनी तिच्याकडं न बघता, अगदी हळू म्हटलं, “अच्छा हुआ तू साथ में आई.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पुरतं नसेल, अंधारात पायरी आहे एवढं पायाला कळावं, तितकं. आणि ती शेजारी बसली म्हणून ते आज बिनघोर निघाले होते. आपण त्यांना वाचवायला बसलो आणि आपल्याच जिवावर ही गाडी चाललीय, हे तिला त्या उन्हात लख्ख दिसलं. उद्या ती पाळीला जाईल. उद्याही गाडी निघेल.

कन्नडच्या अलीकडं मनकर्णाबाईंना मळमळलं. गाडी थांबवावी लागली. त्या रस्त्याकडेला ओकून आल्या आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “येताना मी म्होरं बसणार. मागं माझी आतडी वर येत्यात.”

पिशोरला पाहुण्यांनी चांगली सरबराई केली. सुपारी फुटली, पेढे वाटले गेले. मुलाच्या चुलत्यांनी क्वालिसच्या बॉनेटवर हात फिरवत विचारलं, “अजून पळती का?” जब्बारभाईंनी त्यांना मागाची गोष्ट सांगितली, आपल्या पद्धतीनं, न थांबणाऱ्या मागाची. चुलते थक्क झाले. आफरीनला जेवण गेलं नाही. मंजुषाबाईंनी तिला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “संस्कृतीसाठी जीव घाबरतोय का गं? लोक चांगली आहेत.” ती हो म्हणाली.

निघायची वेळ झाली तेव्हा मनकर्णाबाई आधीच जाऊन पुढं बसल्या होत्या, खिडकीच्या काचेला डोकं टेकून.

“आत्याबाई, मला बसू द्या ना पुढं,” आफरीन म्हणाली.

“का? तुला ओकाऱ्या होत्यात का?”

“नाय, पण...”

“मग बस की मागं. तरणीताठी पोर. मी काय खाती का सीट तुझी?”

सगळे हसले. अब्बा हसले नाहीत. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते.

“अब्बा,” आफरीन उजव्या खिडकीशी जाऊन हळूच म्हणाली, “ऋतुराजला चालवू द्या आज.”

“क्यूं?”

“आपकू मालूम है.”

अब्बांनी अंगणात जमलेल्या माणसांकडं पाहिलं. नवे सोयरे दारात उभे होते, हात जोडून, निरोप द्यायला. “बैठ जा पीछे,” ते म्हणाले. “तमाशा नक्को.”

तेव्हा ती सगळ्यांसमोर बोलली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “काका, अब्बांना डावीकडचं दिसत नाय. येताना मी सांगत होते म्हणून आलो आपण.”

मुलाचे चुलते इकडंतिकडं बघू लागले. काकासाहेबांचा चेहरा आखडला. नव्या सोयऱ्यांच्या दारात, सुपारी फुटल्यावर.

“पोरीला ऊन लागलंय,” ते म्हणाले. “सकाळपास्नं जेवली नाय. बस गं आफरीन. बस.”

आणि ते आत बसले. मंजुषाबाई बसल्या. ऋतुराज मागं चढला. दारं पेटीच्या झाकणासारखी एकामागून एक पडली. अब्बांनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या हाकेला उठलं, नेहमीसारखं.

आफरीन बसली नाही. ती गाडीच्या मागून वळसा घालून आली आणि गाडीच्या डाव्या कोपऱ्यापुढं, दोन हातांवर, जाऊन उभी राहिली. तिनं हाक मारली नाही. तिची लाल ओढणी वाऱ्यानं हलत होती. अंगणातल्या प्रत्येकाला ती दिसत होती. फाटकाबाहेर पडायला गाडी डावीकडंच वळायची होती.

“आफरीन बैठी क्या?” अब्बांनी मागं न बघता विचारलं.

पोरगी रुसून उभी आहे, बाप उतरून समजावेल, असंच मागच्या सीटवरच्यांना वाटलं.

अब्बांनी गिअर टाकला. चाक डावीकडं वळलं आणि गाडी हलली.

“आरं थांब रं बाबा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “पोर उभी हाय ना म्होरं.”

“कुठं?” जब्बारभाईंनी विचारलं.

त्यांचा आवाज साधा होता, खरोखर विचारल्यासारखा. तो एक शब्द गाडीतल्या प्रत्येकानं ऐकला. गाडी पुढं सरकतच होती. आफरीननं डोळे मिटले नाहीत. तिला अब्बांचा चेहरा दिसत होता, काचेतून थेट तिच्या बाजूच्या हवेकडं बघणारा, शांत, काळजी नसलेला. मग काकासाहेबांनी मागून जब्बारभाईंचा खांदा असा आवळला की त्यांचा पाय ब्रेकवर गेला. बंपर तिच्या गुडघ्याला टेकून थांबला.

जब्बारभाईंनी मान वळवली. पूर्ण वळवली. आणि जिथं त्यांच्या लेखी कुणीच नव्हतं, तिथं त्यांना त्यांची लेक दिसली.

मग त्यांनी स्वतःच चावी काढली, उतरले आणि ती ऋतुराजच्या हातात दिली. “गाडी चांगली आहे,” ते म्हणाले. “क्लच थोडा वर लागतो.”

परतीच्या वाटेला ते आफरीनशेजारी मागच्या बाकावर बसले, गुडघे जवळ घेऊन, सवारीसारखे. काकासाहेब पुढच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिले. मंजुषाबाई ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होत्या. सासूबाईंना दवाखान्यात नेलं तो दिवस, पुतण्याची वरात, संस्कृतीला दरवर्षी परीक्षेला पोचवलं ते, काय काय असेल कोण जाणे. कुणी टोयोटाचं नाव घेतलं नाही.

वेरूळ मागं पडलं तेव्हा अब्बा पहिल्यांदा बोलले, फक्त आफरीनला ऐकू जाईल इतकं.

“पिछले महिने सवारी छोडके आ रा था. सुबह अंधेरे में. हर्सूल के इधर.”

आफरीन त्यांच्याकडं वळली.

“बायें बाजू ठक् करके हुआ. मैं समझा, खड्डा है.”

“रुके थे?”

“हौ, रुका. उतरा. टॉर्च मारके देखा.”

“क्या देखे, अब्बा?”

त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्या रिकाम्या तळव्यांकडं बघत राहिले.

“गाडी देखा,” ते म्हणाले. “गाडी कू कुछ नहीं हुआ था.”